टाकीतले आडवे पत्रे

भैय्याजी मोहरीलांची जुनी गाडी डाव्या वळणावर बंद पडली तेव्हा शेजारच्या सीटवर मारोतराव कापगते बसले होते, आणि वळणाच्या बाहेरच्या अंगाला वाळूच्या ढिगावर मारोतरावांची बायको मथुरा लहानग्या शालूला कडेवर घेऊन उभी होती.

भिलाईत पोलादाचा कारखाना उभा राहत होता, आणि त्या काळी तिथं सगळं उलट क्रमानं होत होतं. आधी रस्ते, मग घरं. एका नव्या सेक्टरला वळसा घालणारा गोल रस्ता डांबर पडून तयार होता. आत विटांच्या थप्प्या, चुन्यानं आखलेल्या रेषा आणि उखडलेली पळसाची झुडपं. दिवाळीनंतरच्या एका रविवारी काही हौशी लोकांनी त्या रस्त्यावर गाड्यांची शर्यत ठेवली. दोन-तीन जीपगाड्या, एक फियाट, आणि भैय्याजींची लढाईच्या आधीची, हिरव्या रंगाची, वरून उघडी गाडी. कुठल्याशा मालगुजाराच्या गोठ्यात ती पडून होती, तिच्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. भैय्याजींनी ती बैलगाडीला बांधून आणली होती.

शर्यतीत ती चांगली पळत होती. चौथ्या की पाचव्या फेरीला त्या लांबलचक डाव्या वळणावर इंजिन खोकलं, पुन्हा खोकलं आणि गप्प झालं. मागून एका कंत्राटदाराची जीप येत होती. तिनं टक्कर वाचवायला बाहेर काढून घेतलं आणि ती थेट वाळूच्या ढिगाकडे घसरत गेली. विटांच्या थप्पीवर आदळली म्हणून थांबली. चार विटा मथुराच्या पायापुढे येऊन पडल्या. शालू किंचाळत होती. मथुरा मात्र हललीही नाही. नुसती जीपच्या फुटलेल्या दिव्याकडे पाहत राहिली.

मारोतराव धावत आले.

“लागलं काय? मथुरा, लागलं काय कुठं?”

“नाई,” ती म्हणाली. “घरी चाला.”

लोकांनी भैय्याजींनाच बोल लावला. वळणावर घाबरून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला असणार, म्हणून गाडी मेली, असं जीपवाला सगळ्यांना सांगत सुटला. भैय्याजी त्याच्याशी वाद घालत बसले नाहीत. पण पाय काढला नव्हता हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आणि शेजारी बसलेल्या मारोतरावांनाही.

दोघंही एकाच कंत्राटदार कंपनीत होते. भैय्याजी नागपूरचे, शिकून आलेले, कंपनीच्या गाड्यांचा विभाग त्यांच्याकडे. मारोतराव भंडाऱ्याकडच्या एका खेड्यातले. तीन भावांत वाटून उरलेली जमीन सोडून आले आणि इथंच गॅसवर लोखंडी पत्रे कापायला, जोडायला शिकले. कामावर सगळा कारभार हिंदीत चाले. दुपारी डबा खाताना मराठी कानावर पडली म्हणून एकदा भैय्याजी त्यांच्याजवळ येऊन बसले, आणि तेव्हापासून रविवारी दोघं मिळून त्या गाडीत डोकं घालून असत. भैय्याजी ‘अहो मारोतराव’ म्हणत, मारोतराव ‘साहेब’ म्हणत, यापलीकडे साहेबपणा फारसा उरला नव्हता.

गाडी का मेली हे शोधायला त्यांना बरेच रविवार लागले. कार्बोरेटर उघडून धुतला. पेट्रोलचा पंप नवा पडदा घालून बसवला. नळी फुंकून पाहिली, गाळणीतला गंज काढला, टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक टोचून मोकळं केलं. दुर्गच्या सरळ रस्त्यावर गाडी तक्रार न करता धावली. पुन्हा त्या गोल रस्त्यावर नेली, की डाव्या वळणात खोकला. आणि तोही नेहमी नाही. टाकी भरलेली असली की काहीच नाही. अर्ध्याच्या खाली गेली की हमखास.

मग एक दिवस भैय्याजींनी घरातून लोणच्याची रिकामी काचेची बरणी आणली. तिच्यात थोडं पाणी भरलं आणि ती मारोतरावांच्या मांडीवर दिली.

“मी गाडी वळवतो. तुम्ही माझ्याकडे बघू नका, पाण्याकडे बघा.”

वळण आलं तसं पाणी उजव्या काचेवर चढलं आणि वळण संपेपर्यंत तिथंच चढून बसलं. डाव्या कोपऱ्यात बरणीचा तळ कोरडा दिसत होता. मारोतरावांनी तिथं बोट ठेवलं.

“साहेब, आपली नळी टाकीत याच बाजूले हाय नं?”

“याच बाजूला.”

“मंग वळण सरेपर्यंत ते पेट्रोल नाई, हवाच ओढून राहिली.”

भैय्याजींनी गाडी थांबवली आणि दोघंही हसले. इतक्या रविवारांनंतर ते पहिल्यांदाच मोकळं हसणं होतं. भैय्याजी म्हणाले, “मग सोपं आहे. टाकी भरून ठेवायची. अर्ध्याच्या खाली जाऊच द्यायची नाही.”

“शर्यतीत कसं जमन? थांबून भरान काय? अन् गच्च भरली का मागं वजन येते, गाडी वळणात बुड फेकते. तुमीच म्हनत होते.”

ते खरंच होतं. भैय्याजींनी मांडीवर कागद ठेवून टाकीचं चित्र काढलं. आत उभे तीन पत्रे, टाकीला आडवे. पत्र्यांना लहान भोकं, खालचे कोपरे थोडे कापलेले. नळीच्या तोंडाभोवती एक छोटी पेटी, तिच्यात पेट्रोल शिरेल पण एकदम बाहेर सांडणार नाही. वळणात पेट्रोल सरकेल, पण पळून जाणार नाही. मारोतरावांनी तो कागद बराच वेळ पाहिला.

“हे मी करतो,” ते म्हणाले.

“टाकी उघडावी लागेल. पेट्रोलची टाकी आहे, मारोतराव.”

“मालूम हाय.”

पुढची शर्यत सव्वीस जानेवारीच्या खेळांत व्हायची होती. भैय्याजींना त्या जीपवाल्याला दाखवायचं होतं, हे त्यांनी आपल्या बायकोला, रमालाही सांगितलं नव्हतं. तिला ते न सांगताच कळलं होतं.

मथुराला मात्र ती गाडी डोळ्यासमोर नको होती. मजुरांच्या कॅम्पमधल्या त्यांच्या पत्र्याच्या खोलीत चुलीपुढे बसून तिनं एका संध्याकाळी विचारलंच.

“तुमी त्या गाडीमांगं कावून लागून राहिले? तिनं तं मले अन् पोरीले त्या दिवशी खाल्लं असतं.”

“म्हनूनच तं,” मारोतराव म्हणाले. “पुन्हा तसं होऊ नये म्हनून.”

“मंग चालवूच नका. झालं.”

मारोतरावांनी भाकरीचा तुकडा तसाच हातात धरून ठेवला. मग म्हणाले, “दिवसभर मी पत्रे कापतो, मथुरा. खडूनं आखून देतात, मी कापतो. तो पत्रा कुठं गेला, वरती गेला का खाली गेला, मले मालूम पडत नाई. उद्या भट्टी पाहून पोरगी म्हनन, बाबा, यातलं तुमचं कोनतं? तं मी काय दाखवू? ही टाकी मी केली असं तं म्हनता येईन नं.”

मथुरानं त्यांच्या ताटात अजून भाजी वाढली. तिला ते पटलं नव्हतं, पण त्यांचं एवढं लांब बोलणं तिनं पहिल्यांदाच ऐकलं होतं.

काम कंपनीच्या शेडमध्ये करायचं ठरलं. रविवारी तिथं चौकीदार चंपतशिवाय कोणी नसे. मारोतरावांनी टाकी उतरवून रिकामी केली, सोडा घातलेल्या उकळत्या पाण्यानं पुन्हा पुन्हा धुतली, आणि झाकण काढून उन्हात ठेवून दिली. पुढच्या रविवारपर्यंत ती तशीच उन्हात होती. मग छिन्नी-हातोड्यानं वरचा पत्रा कडेनं कापून काढला, ज्योत न लावता. आत लालसर चिकट थर होता, जुन्या पेट्रोलचा. तो खरवडून काढला. तळाच्या दुहेरी घडीत, जिथं बोटही शिरत नव्हतं, तिथला थर तसाच राहिला.

उघड्या टाकीत तीन पत्रे आणि नळीची पेटी पितळेच्या काडीनं झाळायचं, म्हणजे पितळ वितळवून जोडायचं काम भैय्याजींच्या समोर झालं. उघडी टाकी, सगळीकडून वारा. तिथं धोका नव्हता. मारोतरावांचा हात चालत होता आणि भैय्याजी नुसते पाहत होते. जोड असा बसला होता की बोट फिरवलं तर पत्रा कुठं संपला आणि पितळ कुठं सुरू झालं ते कळू नये.

“आता वरचं झाकण,” भैय्याजी म्हणाले. “ते बंद करताना मात्र आधी वाफ द्यायची, म्हणजे आत दडलेलं पेट्रोल निघून जाईल. मी बॉयलरवाल्यांशी बोललोय, ते रबरी नळी देतील. तासभर वाफ, मग आत गळ्यापर्यंत पाणी भरायचं, आणि मगच ज्योत.”

“हो.”

त्याच वेळी चरोद्याहून माणूस आला. रेल्वे यार्डातून मोठा गर्डर घेऊन निघालेला ट्रेलर कलंडला होता आणि भैय्याजींना ताबडतोब बोलावलं होतं. भैय्याजींनी अंगातला जुना शर्ट बदलला.

“मारोतराव, मी आल्याशिवाय झाकण लावू नका.”

“नाई लावत. तुमी जा.”

पुढचं सगळं चंपतनं नंतर सांगितलं. त्यानं ते अनेकदा सांगितलं, आणि प्रत्येक वेळी तसंच.

मारोतराव आधी वाट पाहत बसले. चंपतसोबत बिडी ओढली, तीही शेडच्या बाहेर जाऊन. त्यांना दुपारी शालूला आणि मथुराला दुर्गच्या बाजारात न्यायचं होतं. पोरीला नवी चप्पल कबूल केली होती. ऊन वर चढलं तरी भैय्याजी आले नाहीत. रबरी नळीही आली नाही. मारोतरावांनी झाकण टाकीवर ठेवून पाहिलं, कडा ठोकून बसवल्या. मग टाकीत गळ्यापर्यंत पाणी ओतलं आणि दोन ठिकाणी पितळ धरून पाहिलं. पाण्यानं सगळी उष्णता खाऊन टाकली. पितळ पत्र्यावर पसरेना. गोळ्या होऊन खाली पडे.

“पान्यानं धरत नाई रे,” ते चंपतला म्हणाले.

“साहब को आने दो ना, भाऊ,” चंपत म्हणाला.

“साहेबालेही हेच करा लागन.”

त्यांनी पाणी ओतून दिलं. टाकी उलटी करून निथळली, नाक लावून वास घेतला. मग लांब काडीला चिंधी बांधून पेटवली आणि आपण बाजूला उभं राहून ती भरायच्या तोंडाशी धरली. काही झालं नाही. पुन्हा धरली. काही नाही. त्यांनी चंपतकडे पाहून मान हलवली, जणू आता झालं समाधान, आणि जोड सुरू केला.

तीन बाजू नीट झाल्या. चौथ्या बाजूपर्यंत टाकीचा तळही तापला होता. घडीतला तो जुना चिकट थर तापून त्याची वाफ टाकीत भरत गेली असणार, आणि उरलेल्या फटीतून ती ज्योतीपर्यंत पोचली. चंपत पाणी प्यायला माठाकडे वळला होता. आवाज असा झाला की शेडचे पत्रे थरथरले. त्यानं वळून पाहिलं तेव्हा झाकण छपराच्या लोखंडी कैचीला अडकलं होतं आणि मारोतराव बाकापासून दूर, भिंतीशी बसल्यासारखे होते.

भैय्याजी चरोद्याहून ट्रकनं परतत होते. वाटेत सायकलवरून येणाऱ्या चंपतनं दोन्ही हात वर करून ट्रक थांबवला. त्यानं नुसतं शेडच्या दिशेला आणि मग दवाखान्याच्या दिशेला बोट दाखवलं.

दवाखान्यात मथुरा दाराशी उभी होती. शालूला शेजारच्या मनकर्णानं ठेवून घेतलं होतं. मथुरानं भैय्याजींना पाहिलं आणि ती बाजूला सरकली, आत जायला वाट दिली. ते तिनं का केलं हे भैय्याजींना कळलं नाही; तिनं अडवलं असतं तर त्यांना सोपं गेलं असतं.

मारोतरावांचं तोंड आणि दोन्ही हात पट्ट्यांत होते. ओठ तेवढे मोकळे होते.

“साहेब आले काय?”

“आलोय, मारोतराव.”

“मी थांबलो नाई.”

“बोलू नका आता.”

“आतले पत्रे सुटले काय?”

भैय्याजींनी टाकी पाहिलीच नव्हती. ते शेडकडे गेलेच नव्हते. “नाही,” ते म्हणाले. “जागेवर आहेत.”

“मले दिसून नाई राहिलं म्हनून विचारलं,” मारोतराव म्हणाले. मग त्यांनी पाणी मागितलं. मथुरानं कापूस भिजवून त्यांच्या ओठांना लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

गावाहून भाऊ आले, पुतणे आले. शिवनाथ नदीच्या काठावर सगळं झालं. भैय्याजी मागे मागे चालत गेले आणि मागेच उभे राहिले.

कंपनीच्या चौकशीला वेळ लागला नाही. मॅनेजर माणूस वाईट नव्हता. त्यानं भैय्याजींना आधी एकट्याला बोलावलं, चहा दिला आणि हिंदीत म्हणाला की सुट्टीचा दिवस होता, वेल्डर आपल्या मर्जीनं आला, गॅस आपल्या मर्जीनं वापरला. तुम्ही तर चरोद्याला कंपनीच्या कामावर होता. एवढंच सांगायचं. झालं.

“आणि त्याच्या बायकोचं?” भैय्याजींनी विचारलं.

“उसका तो वैसे भी कुछ नहीं बनता,” मॅनेजर म्हणाला. “काम कंपनी का था ही नहीं।”

घरी आल्यावर भैय्याजी जेवले नाहीत. रमा समोर बसली होती.

“तुम्ही काय सांगणार?” तिनं विचारलं.

“गाडी माझी होती. काम मी दिलं होतं. शेड मी उघडून दिली होती. हेच सांगणार.”

“त्यानं मथुराला काही मिळणार आहे का?”

“नाही.”

रमानं त्यांचं ताट झाकून ठेवलं. आतल्या खोलीत त्यांचा मुलगा पाढे म्हणत होता. मग ती म्हणाली, “दादाला कळवते. नागपूरला महाल भागात कुठं दोन खोल्या मिळतात का बघेल. पण तुम्ही हे तिच्यासाठी करता आहात असं मनात आणू नका. तिला याचा काही उपयोग नाही.”

“माहीत आहे मला,” भैय्याजी म्हणाले.

त्यांनी चौकशीत तेच सांगितलं आणि त्यांची नोकरी गेली. कंपनीच्या शेडमध्ये, कंपनीच्या गॅसवर खासगी काम करून घेतल्याबद्दल. मथुराला खोलीत होळीपर्यंत राहायची परवानगी मिळाली, ती मॅनेजरच्या मेहेरबानीनं. सव्वीस जानेवारीची शर्यत कोणी भरवलीच नाही.

कॅम्पात मात्र बोलणं चालू होतं. नळावर बायका म्हणत, चांगला शिकलेला वेल्डर, अन् पेट्रोलच्या टाकीला आग लावली. अक्कल कुठं गेली होती? कोणी म्हणे, पिऊन होता. मारोतराव पीत नव्हते. मथुरा ते सगळं ऐकत पाणी भरायची. मोठा दीर तिला गावी न्यायला आला होता. दोन दिवस थांबा, असं ती त्याला म्हणाली आणि शालूचा हात धरून भैय्याजींच्या क्वार्टरवर गेली.

रमानं तिला आत बोलावलं. ती उंबऱ्यातच उभी राहिली.

“साहेब, मले एकच सांगा. त्याइनं केलं ते काम बरोबर होतं का चुकलं?”

भैय्याजींना खोटं बोलता आलं असतं. ते उठून उभे राहिले.

“आतले पत्रे बरोबर होते. मी आखले त्यापेक्षा चांगले बसवले होते. शेवटचा जोड चुकला. वाफ दिल्याशिवाय तो करायला नको होता. आणि तेव्हा मी तिथं हवा होतो, तो नव्हतो.”

“बरोबर होते ते तुमाले कसं मालूम? गाडी तं चाललीच नाई.”

भैय्याजींची नजर मागच्या दाराकडे गेली.

“मले चालवून दाखवा,” मथुरा म्हणाली. “तिथंच. त्या वळनावर.”

टाकी चौकशीनंतर त्यांच्याच मागच्या अंगणात पडून होती. भैय्याजींनी तोपर्यंत तिच्याकडे धड पाहिलं नव्हतं. आता पाहिलं. झाकण उडालं होतं, एक बाजू फुगली होती. पण तिन्ही पत्रे आत उभे होते, एकाचाही जोड उसवला नव्हता. फुगलेली बाजू त्यांनी लाकडी हातोड्यानं हळूहळू बसवली. झाकण बंद करायचा प्रश्न आला तेव्हा ज्योत जवळ आणणं त्यांना शक्यच नव्हतं. त्यांनी कडेला पट्टी रिव्हेट केली, तिच्यावर भोकं पाडली, मध्ये बुचाची जाड पट्टी घातली आणि झाकण बोल्टनं आवळलं. रात्रभर पाणी भरून ठेवलं. एक थेंबही गळला नाही.

सकाळी त्यांनी झाकणावरचे बोल्ट एकेक करून मोजले. बोल्ट तेव्हाही शेडमध्ये होते. पेट्या भरून होते.

मथुरा आली तेव्हा तिनंही ते पाहिलं. बोल्टच्या रांगेवरून नजर फिरवली.

“याले आग नाई लागली?”

“नाही.”

“मंग आधी असंच कावून नाई केलं?”

“सुचलं नाही,” भैय्याजी म्हणाले. “त्यांनाही नाही आणि मलाही नाही. झाळायचं म्हणजे झाळायचं, एवढंच डोक्यात होतं.”

मथुरा त्यांच्याकडे पाहत राहिली. ती ओरडेल असं रमाला वाटलं आणि तिनं शालूला आत ओढून घेतलं. पण मथुरानं फक्त पदर खांद्यावरून घट्ट ओढला आणि गाडीकडे वळली.

टाकीत मुद्दाम थोडंच पेट्रोल घातलं होतं. गोल रस्त्याच्या आत आता घरांच्या भिंती कमरेइतक्या उठल्या होत्या. रेजा, बांधकामावरच्या मजूर बायका, डोक्यावर विटा घेऊन चालल्या होत्या आणि त्या थांबून पाहू लागल्या. मथुरा आयुष्यात कधी अशा गाडीत बसली नव्हती. तिनं दोन्ही हातांनी दाराची कड धरली. भैय्याजींनी वेग वाढवला. डावं वळण आलं. ती उजवीकडे ओढली गेली, दाराच्या कडेवरचे हात ताणले गेले, पण तिनं डोळे मिटले नाहीत. इंजिनाचा आवाज एकसारखा चालला होता. वळण संपलं. सरळ रस्ता आला.

“झालं?” तिनं विचारलं.

“झालं. याच ठिकाणी बंद पडायची.”

“अखीन एकदा.”

भैय्याजींनी पुन्हा फेरी घातली. मग पुन्हा एक. टाकी जवळजवळ कोरडी होत आली तरी वळणात गाडी खोकली नाही. कितव्यांदा तरी त्या ठिकाणाहून जाताना मथुरानं तोंडाला पदर लावला. भैय्याजींनी वेग कमी केला, पण तिनं मानेनंच ‘चालू द्या’ म्हटलं, आणि ती तशीच, वाऱ्यावर, आवाज न करता रडत राहिली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. रस्त्याकडे पाहत राहिले, कारण दुसरं काही त्यांना करता येत नव्हतं.

शेवटी इंजिन सरळ रस्त्यावर बंद पडलं. पेट्रोल संपलं होतं.

मथुरा उतरली. “बरोबर होतं मंग,” ती म्हणाली. मग म्हणाली, “तुमी सांगितलं नसतं तं ते कधी टाकीच्या नादी लागले नसते, साहेब. हे मी इसरनार नाई.”

“विसरू नका,” भैय्याजी म्हणाले.

ती कॅम्पच्या दिशेनं चालत गेली. भैय्याजींनी गाडी एकट्यानं ढकलत बाजूला घेतली.

महिन्याच्या आत मोहरील कुटुंब नागपूरला गेलं. गाडी त्यांनी विकली नाही, नेलीही नाही. भंगारवाल्याला बोलावून स्वतःसमोर कापून घ्यायला लावली. टाकी आधी काढून ठेवली होती. ती घेऊन ते मथुराच्या खोलीवर गेले, पण तिनं ती घरात घेतली नाही. “पोरगी खेळन तिच्याशी,” ती म्हणाली. मग टाकीही भंगारात गेली.

दिराला मथुरानं परत पाठवलं. गावी जाऊन जावांच्या हाताखाली राबायचं, त्यापेक्षा इथं राबणं बरं, असं तिनं त्याला सरळ सांगितलं. शालूला इथं शाळा होती. पहिले काही महिने तिनं रेजा म्हणून त्याच सेक्टरमध्ये विटा वाहिल्या. ज्या रस्त्यावरून ती गाडीत बसून गेली होती त्याच्या कडेला, डोक्यावर चुंबळ ठेवून. बाकीच्या बायका गाणी म्हणत, तिला छत्तीसगढी अजून येत नव्हती. पुढे मनकर्णाच्या ओळखीनं एका कॅन्टीनमध्ये काम लागलं.

तिथं पहाटे मोठ्या भट्ट्या पेटवायच्या असत. कोळशावर रॉकेल शिंपडून काडी टाकली की भप्प असा आवाज होई. पहिल्या दिवशी तो आवाज झाला आणि मथुराच्या हातातलं पातेलं खाली पडलं. मनकर्णानं ते उचलून ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून ती आधी येऊन भट्ट्या पेटवू लागली, आणि मथुरा अंगणातल्या नळाशी उभी राहून, आतली आग स्थिर झाली की मग आत जायची. वर्षं गेली, शालू मॅट्रिक झाली, तरी ते तसंच राहिलं. मथुरा दिवसभर आचेपुढे बसे, पोळ्या लाटे, वरणाला फोडणी देई. आग पेटवायचं काम तेवढं तिनं कधी अंगावर घेतलं नाही.